पुढच्या भागावरच्या प्रतिक्रिया: किती चित्रपटाच्या, किती पडद्याच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्षानुवर्षे वाट पाहायला लावलेल्या विज्ञानपटाचा पुढचा भाग आला की सांगली-मिरजेत आठवडाभर तीच चार-पाच वाक्ये कानावर पडतात. ‘अंधुकच वाटला.’ ‘डोकं धरलं.’ ‘डायलॉग नीट ऐकूच आले नाहीत.’ ‘सीरियल बघतोय असं वाटलं.’ आणि शेवटी, ‘पहिल्याची सर नाही.’ वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतही प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया म्हणून हीच वाक्ये छापून येतात आणि सगळ्याचे खापर दिग्दर्शकावर फुटते. यातली पहिली तीन वाक्ये बहुतेक वेळा चित्रपटगृहाबद्दलची असतात. चौथे खरोखर दिग्दर्शकाच्या निर्णयाबद्दलचे आहे. पाचव्याचा हिशेब वेगळाच आहे. ही सरमिसळ थांबावी आणि जिथली तक्रार तिथेच जावी, यासाठी हे पत्र.

जेम्स कॅमेरून यांचा ‘अवतार’ १८ डिसेंबर २००९ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याचा पुढचा भाग ‘द वे ऑफ वॉटर’ १६ डिसेंबर २०२२ रोजी. मध्ये तेरा वर्षे गेली, त्यातली बरीच पाण्याखालचा अभिनय टिपण्याचे तंत्र उभे करण्यात. नऊ लाख गॅलनच्या टाकीत कलाकारांना श्वास रोखून काम करावे लागले. वरच्या दिव्यांचा उजेड पाण्यात शिरून मोजमाप बिघडवू नये म्हणून पृष्ठभागावर छोटे पांढरे चेंडू तरंगत ठेवले होते. इतक्या बारकाईने सांभाळलेला उजेड आपल्या गावच्या पडद्यावर येताना कुठे कुठे गळतो, ते आधी पाहू.

साध्या, म्हणजे टूडी खेळाला पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लँबर्ट, म्हणजे चौरस मीटरला ४८ कँडेला इतका उजेड असावा, हे जगभर मान्य असलेले माप आहे. थ्रीडीत एकच प्रोजेक्टर डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी आळीपाळीने चित्र टाकतो. म्हणजे प्रत्येक डोळ्याला निम्माच वेळ मिळतो. लेन्सपुढची पोलरायझरची, म्हणजे दोन डोळ्यांचा उजेड वेगळा ओळखता यावा म्हणून तो गाळणारी काच निम्म्याहून जास्त उजेड खाते आणि उरल्यासुरल्यातून चष्मा आपला वाटा घेतो. शंभर भाग उजेड निघाला तर डोळ्यापर्यंत पंधरा-वीस भाग पोचतात. थ्रीडीसाठी पडद्याला चंदेरी लेप देतात तो पोलरायझेशन टिकावे म्हणून, पण तो उजेड मधोमध एकवटून थोडी भरपाईही करतो. एवढे करून साडेचार फूट-लँबर्ट मिळाले तरी थ्रीडीचा खेळ चांगला मानतात. तीनच्या खाली गेले की निळे पाणी शेवाळी दिसते, काळे केस आणि काळी पार्श्वभूमी एक होते, त्वचेवरचे बारकावे मातीत जातात. ‘अंधुक वाटला’ म्हणणाऱ्याचे डोळे बरोबरच सांगत असतात, फक्त गुन्हेगार प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये असतो.

केबिनमध्ये काय बिघडते? प्रोजेक्टरच्या झेनॉन दिव्याला कंपनी ठरावीक तासांची हमी देते. दिवा जितका मोठा तितके तास कमी. हमी संपेपर्यंत त्याचा उजेड बराच उतरलेला असतो, आणि हे उतरणे इतके हळू असते की रोज पाहणाऱ्या ऑपरेटरलाही ते जाणवत नाही. ‘द वे ऑफ वॉटर’ १९२ मिनिटांचा आहे. दिवसाला चार खेळ म्हणजे जवळजवळ तेरा तास, दोन आठवड्यांत पावणेदोनशे तासांच्या वर. पहिल्या शुक्रवारी जेमतेम पुरणारा दिवा दुसऱ्या रविवारपर्यंत थकतो. दोन मित्रांपैकी एक पहिल्या दिवशी पाहून ‘अप्रतिम’ म्हणतो, दुसरा दहा दिवसांनी पाहून ‘काहीच दिसलं नाही’ म्हणतो, आणि दोघे चित्रपटावरून भांडत बसतात. आडव्या बसवलेल्या दिव्याला आयुष्याच्या मध्यावर अर्धी फेरी फिरवावे लागते, नाहीतर तो एका अंगाने काळवंडतो. हमीच्या तासांपुढे दिवा ताणणे तर सरळ धोक्याचे आहे. आत प्रचंड दाब असतो आणि दिवा फुटला तर आरसाही जातो. पैसे वाचवायला करंट कमी ठेवायची सवय टूडीला कशीबशी निभते, थ्रीडीला नाही. त्या खेळाला करंट वर नेलाच पाहिजे. लेझर प्रोजेक्टर असेल तर दिव्याची ही कटकट राहत नाही, बाकीच्या राहतातच.

आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. हे मोठे चित्रपट डिसेंबरात येतात आणि डिसेंबर म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची काजळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, तशीच ती केबिनच्या हवेतही शिरते. प्रोजेक्टरचे एअर फिल्टर तिने बुजतात, यंत्र तापते आणि भर खेळात दिवा बंद पडतो. दुसरी जागा म्हणजे केबिन आणि प्रेक्षागृह यांच्यामधली काच. सगळा उजेड तिच्यातूनच जातो. तिच्यावर काजळी आणि धुळीचा तेलकट थर बसला की चित्र नुसते मंद होत नाही, दुधाळही होते. काळे ते काळे राहत नाही. फिल्टर एरवी महिन्याला साफ करत असाल तर गाळपात दर आठवड्याला करावे. काच दोन्ही बाजूंनी रोज पुसावी, ओल्या मऊ फडक्याने आणि मग कोरड्याने. कोरडे फडके आधी फिरवले तर त्याच कणांचे ओरखडे काचेवर कायमचे उठतात. यंत्रावर एवढा पैसा घालून काचेवर काजळी ठेवायची, हे पाहवत नाही.

थ्रीडीनंतरचा टूडी खेळ ही आणखी एक गफलत. लेन्सपुढची पोलरायझरची काच बाजूला करायची राहून गेली तर साध्या चित्रपटाचाही निम्म्याहून जास्त उजेड फुकट जातो. ‘ब्लेड रनर २०४९’सारख्या चित्रपटाचे अशा वेळी सर्वांत जास्त नुकसान होते, कारण त्याची अनेक दृश्ये मुळातच सावलीत रचली आहेत. रॉजर डीकिन्स यांना चौदाव्या नामांकनावर पहिले ऑस्कर मिळाले ते याच छायाचित्रणासाठी. मूळ चित्रपट १९८२चा, पुढचा २०१७चा. पस्तीस वर्षे थांबलेल्या रसिकाने थकल्या दिव्यावर तो पाहिला असेल तर त्याने धुके, पाऊस आणि निऑनचा उजेड पाहिलाच नाही, नुसता करडा रंग पाहिला. मग तो ‘संथ’ म्हणतो. संथ तो आहेच, पण ज्या उजेडाकडे टक लावून पाहायला दिग्दर्शकाने वेळ दिला आहे, तो उजेडच नसेल तर तो वेळ खायला उठतो.

आता डोकेदुखी. थ्रीडीने डोके दुखण्याची चार कारणे नेहमीची आहेत आणि पहिली तीन टाळता येतात.

डावे-उजवे चित्र उलटे जोडले गेले तर दूरचे डोंगर पुढे येतात आणि जवळचा माणूस खड्ड्यात जातो. मेंदू ते सरळ करायला झटतो आणि दहा मिनिटांत कपाळ ठणकते. खात्री करायची सोपी युक्ती आहे: चष्मा उलटा, म्हणजे वरची कड खाली करून डोळ्यांपुढे धरा. चित्र अचानक सरळ वाटले तर केबिनमधली जोडणी उलटी आहे. एक बटण दाबायचे काम आहे, कळवा.

दुसरे कारण म्हणजे दुहेरी कडा. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली की एक डोळा मिटून पाहा. अक्षराशेजारी फिकट दुसरे अक्षर दिसत असेल तर एका डोळ्याचे चित्र दुसऱ्यात गळते आहे. पोलरायझर मळलेला असतो, चष्म्यावर ओरखडे असतात, किंवा चंदेरी पडदा चुकीच्या पद्धतीने पुसून त्याचा लेप गेलेला असतो. ओल्या फडक्याने घासलेला चंदेरी पडदा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. चष्मे साबणाच्या पाण्यात धुऊन मऊ कापडाने टिपावेत. शर्टाच्या टोकाने पुसलेला चष्मा पुढच्या प्रेक्षकाच्या माथी डोकेदुखी मारतो.

तिसरे कारण जागा. चंदेरी पडद्याचा उजेड मध्ये जास्त, कडेला कमी. पहिल्या तीन रांगा आणि टोकाच्या खुर्च्या थ्रीडीसाठी घेऊच नयेत. मागच्या तिसऱ्या हिश्श्यात, मधली खुर्ची. नंबरचा चष्मा असेल तर थ्रीडीचा त्याच्यावर घालावा, नंबरचा काढून ठेवू नये. चौथे कारण ज्याचे त्याचे डोळे. तिरळेपणा असेल किंवा एका डोळ्याने कमी दिसत असेल तर खोली दिसतच नाही. त्यांनी टूडी खेळाचेच तिकीट काढावे, त्यात कमीपणा काही नाही.

संवाद ऐकू न येण्याची गोष्ट मला सर्वांत जास्त लागते, कारण ती दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही.

चित्रपटाचा आवाज मिश्रित करतात ती खोली ठरलेल्या पातळीवर बांधलेली असते. चित्रपटगृहातल्या साउंड प्रोसेसरवर त्या पातळीची खूण म्हणजे ७. प्रोसेसर ७ वर असेल तरच पात्र कुजबुजले ते कुजबुजल्याइतके आणि स्फोट स्फोटाइतका ऐकू येतो. मात्र जाहिराती आणि ट्रेलर मुद्दाम कर्कश बनवलेले असतात. सुरुवातीच्या दहा मिनिटांत कुणीतरी उठून ‘आवाज कमी करा’ म्हणते, त्याचे बरोबरच असते, आणि ऑपरेटर ७ वरून ५ वर येतो. मुख्य चित्रपट सुरू होतो तेव्हा तो पुन्हा ७ वर जायला विसरतो, किंवा पुन्हा ओरडा नको म्हणून जातच नाही. त्या दोन आकड्यांत साडेसहा डेसिबलहून जास्त आवाज जातो. स्फोट तरीही मोठाच राहतो, हळू बोललेले वाक्य एसीच्या घरघरीत बुडते. प्रेक्षक म्हणतो, डबिंग खराब. यावर उपाय खेळाच्या यादीतच आहे: जाहिरातींना वेगळी पातळी, मुख्य चित्रपटाला वेगळी, आणि बदल आपोआप होईल अशी सूचना सर्व्हरमध्ये एकदाच भरून ठेवायची. पाच मिनिटांचे काम.

पातळी ठीक असूनही शब्द फुटत नसतील तर पडद्यामागचा मधला स्पीकर तपासावा. संवाद जवळजवळ सगळे त्याच्यातून येतात. त्यातले उंच स्वरांचे ड्रायव्हर जळाले की आवाज येत राहतो, म्हणून कुणाला संशय येत नाही, पण ‘स’, ‘श’ आणि ‘च’ बोथट होतात. मिरजेच्या सतारमेकरांना हे वेगळे सांगायला नको. तानपुऱ्याच्या घोडीवरचा सुताचा धागा केसभर सरकला तर स्वर तोच राहतो, तेज जाते. जवारी, म्हणजे हे तेज, गेलेल्या तानपुऱ्यावर गायक सूर लावत नाही. मधला स्पीकर बोथट झालेल्या पडद्यावर मात्र आपण तीन-तीन तासांचे चित्रपट निमूट ऐकतो. पडद्याची बारीक छिद्रे धुळीने बुजली तरी हाच परिणाम होतो. ती मागून, कमी जोराच्या हवेने मोकळी करावी लागतात.

डबिंगचा दोष मुळीच नसतो असे नाही. ‘द वे ऑफ वॉटर’ भारतात इंग्रजीसह हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा सहा भाषांत आला, मराठीत नाही. डबिंगमध्ये मूळ संवादांचा थर काढून त्या जागी नवा बसवतात. खोलीची गुंज नीट दिली नाही तर गुहेत उभे असलेले पात्र बंद कपाटात बोलल्यासारखे वाटते. ही तक्रार करायची तर ‘डबिंग कोरडे आहे’ अशी नेमकी करावी. ‘ऐकू येत नाही’ ही तक्रार वेगळी, तिचे उत्तर केबिनमध्ये आहे.

चित्राच्या चौकटीबद्दल थोडक्यात. बहुतेक चित्रपट रुंदी-उंचीच्या दोन मापांत येतात, १.८५ला १ आणि २.३९ला १. रुंद पडद्यावर चित्राच्या चारही बाजूंना काळी चौकट दिसली, किंवा पात्रांची डोकी वरून कापली गेली, तर लेन्सचे माप चुकीचे निवडले आहे. तेही एका बटणाचे काम. मध्यंतराचेही तसेच. हे चित्रपट मध्यंतराविना रचलेले असतात आणि आपल्याकडे ते तोडावेच लागतात. निदान दृश्य संपल्यावर तोडावे, वाक्याच्या मध्ये नको.

‘सीरियलसारखा वाटला’ ही तक्रार चित्रपटगृहाच्या माथी मारू नका. चित्रपट सहसा सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे २४ चित्रांचा असतो. प्रत्येक चौकटीत हालचालीचा थोडा फराटा असतो आणि आपल्या डोळ्यांना तोच ‘सिनेमा’ वाटतो. थ्रीडीत वेगाने कॅमेरा फिरला की २४ चौकटी तुटक वाटतात, म्हणून कॅमेरून यांनी पाण्याखालची आणि हाणामारीची दृश्ये ४८ चौकटींत दाखवली. संवादांच्या दृश्यांत तीच चौकट दोनदा दाखवून २४चा भास ठेवला. अशा प्रतीचा खेळ पाहिला असेल तर मधूनच चित्र काचेसारखे गुळगुळीत होते आणि मधूनच नेहमीचे, आणि हा सांधा जाणवतो. मला पाण्याखाली ते पटले, जमिनीवर नाही. इतरांचे मत वेगळे असू शकते, आणि असे मत छापायला हवे, कारण ते चित्रपटाबद्दलचे आहे. मात्र २४च्या प्रती पाहिलेल्याने आणि ४८च्या प्रती पाहिलेल्याने एकमेकांशी वाद घालू नये. दोघांनी डोळ्यांपुरते वेगळे चित्रपट पाहिले आहेत.

राहता राहिले ‘पहिल्याची सर नाही’. कथा पहिल्याच वळणाने जाते, ही तक्रार खरी आहे आणि कितीही नवा दिवा ती मिटवू शकत नाही. पण ‘पहिला’ म्हणजे कोणता, हे एकदा स्वतःला विचारावे. १९८२चा ‘ब्लेड रनर’ त्या वेळी फारसा चालला नव्हता. नायकाच्या निवेदनासह आलेली ती प्रत वेगळी होती. १९९२मध्ये निवेदन काढलेली प्रत आली, २००७मध्ये आणखी एक. २०१७च्या चित्रपटाची वाट पाहणाऱ्यांपैकी अनेकांचा लाडका ‘पहिला’ हा मुळात दहा किंवा पंचवीस वर्षांनी घडलेला होता. २००९मध्ये खोली असलेले चित्र बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिले, ती नवलाई दुसऱ्या भागाला कुठून मिळणार? ‘अवतार’ सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा पडद्यावर आला होता. दोन्ही भाग एकाच हंगामात पाहिलेल्यांचे मत मी जास्त वजनाचे मानतो, कारण त्यांची तुलना दोन चित्रपटांची आहे, चित्रपट आणि आठवण यांची नाही. ‘ट्रॉन’चा पुढचा भाग अठ्ठावीस वर्षांनी, २०१०मध्ये आला, तेव्हा काही भाग मुद्दामच टूडीत ठेवल्याची पाटी सुरुवातीलाच होती. पाटी न वाचता ‘थ्रीडी चालतच नव्हतं’ म्हणणे ही प्रतिक्रिया नव्हे.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला तो या गावात. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला नाही तर ‘आवाज!’ अशी हाक देणारा प्रेक्षक इथलाच. तोच चित्रपटगृहात तीन तास गप्प बसतो आणि बाहेर येऊन चित्रपटाला नावे ठेवतो. पहिल्या दहा मिनिटांत दारावरच्या मामांना गाठा आणि नेमके सांगा: ‘मामा, केबिनमध्ये सांगा, प्रोसेसर सातवर घ्या’, ‘लेन्सपुढची काच काढायची राहिलीय का बघा’, ‘चित्र उजव्या कडेला पडद्याबाहेर जातंय’. ‘पिक्चर नीट लावा’ म्हटल्याने काहीच होत नाही, कारण ऑपरेटरला काय शोधायचे ते कळत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. अशा चित्रपटावरच्या प्रतिक्रिया छापताना प्रत्येकीखाली चार शब्द द्यावेत: भाषा, टूडी की थ्रीडी, खेळाची तारीख आणि रांग. चित्रपटगृहाचे नाव नसले तरी चालेल. ‘अंधुक’ म्हणणारे सगळे दुसऱ्या आठवड्यातले निघाले तर दिव्याकडे बोट जाईल, सगळे टोकाच्या खुर्चीतले निघाले तर पडद्याकडे.

‘अवतार’चा तिसरा भाग १९ डिसेंबर २०२५ रोजी आला. चौथ्याची जाहीर झालेली तारीख २१ डिसेंबर २०२९ आहे. तीही गाळपातच येते. चित्रपटगृहांच्या चालकांनी त्या आठवड्याचे फिल्टर आणि केबिनची काच पुसायचे काम आत्ताच वहीत लिहून ठेवावे.

आपला,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली